उंबऱ्यावरची किल्ली

बसा, थोडं पुढे सरका. खांबाला टेकलेल्या काकांनीही आज जागंच राहायचंय. एक विचारतो. समोरच्यानं शब्द मोडला, चूक सगळी त्याची, नुकसान तुमचं. मान्य? मग तुम्ही नुसतं बसून राहिलात तर चालतं का?

त्रिंबक शेटे, गावाचे तात्या. त्यांची पिठाची गिरणी पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यानं सुलभा कुंभारकडे होती. दुसऱ्याच वर्षी सुलभाचा नवरा गेला. बाई किल्ली घेऊन दारात आली.

"तात्या, एकटीनं नाही व्हायचं. अनामत ठेवून घ्या, पण मला मोकळं करा."

तात्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. पारावर कुणीतरी सांगितलं होतं — किल्लीला हात लावलात की करार संपला.

"कागदावर पाच वर्षं लिहिलीत. मी घेणार नाही."

बाईनं किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि गेली. तात्यांनी उरलेल्या सगळ्या भाड्याचा दावा लावला.

आत यमुनाबाई, तात्यांची बायको. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लवकर करा, गेलेली नजर परत येत नाही. तो खर्च गिरणीच्या भाड्यातूनच व्हायचा होता.

चौथ्या महिन्यात एक मसालेवाला गिरणी मागायला आला. तेवढंच भाडं द्यायला तयार.

"अहो, द्या की," आतून यमुनाबाई.

"तू गप. त्याला दिली की ती सुटली. कोर्ट एकरकमी देईल, मग दोन्ही डोळे करू."

सून केर काढताना किल्लीला वळसा घालायची. मंडळी, किल्लीला सोवळं! देवाला तरी आपण एवढं जपतो का?

तीन वर्षांनी न्यायाधीशांनी विचारलं, "शब्द तिनं मोडला, खरं. पण नुकसान कमी व्हावं म्हणून तुम्ही काय केलंत?"

"किल्लीला हात लावला नाही, साहेब."

कोर्टात कुणी हसलं नाही. मसालेवाला येईपर्यंतचं, चार महिन्यांचं भाडं मंजूर झालं, तेही अनामतीतून वळतं. पुढचं नुकसान तुम्हीच ओढवून घेतलंत, म्हणाले.

घरी येऊन तात्यांनी किल्ली उचलली, यमुनाबाईंच्या हातात दिली. त्यांनी किल्लीचे गंजलेले दात चाचपले.

"गिरणीची ना? आता परत उंबऱ्यावर ठेवू नका. मला दिसत नाही, पाय पडतो."

मंडळी, शब्द मोडणारा देणं लागतोच, कायदा त्याला सोडत नाही. पण तुमच्या उंबऱ्यावर कुणी टाकलेली किल्ली किती वर्षं पडलीय? आणि आत कोण बसलंय?

टाळी वाजवायला दोन्ही हात पुढे आणावे लागतात. आणा. विठ्ठल, विठ्ठल.