आधी ओळख, मग आंघोळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे मास्तर, पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे संशयाने बघणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या काकू, आणि जुन्या सायकलींच्या वेडापायी आपापल्या घरच्यांची बोलणी खाणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. मालक म्हणून चार गोड शब्द बोला, म्हणाले. तशी तयारीही केली होती. कागद खिशात आहे, तो खिशातच राहू दे.

आमचं दुकान जुन्या सायकलींच्या सुट्या भागांचं. कुणी माळा आवरताना, कुणी वडील गेल्यावर पिशवी भरून सामान आणून ओततं. त्यातल्या निम्म्या वस्तूंवर ना नाव, ना आकडा. अशी बेवारस वस्तू मास्तर आधी हातात घेऊन नुसते बसतात. मग नखाने आटे मोजतात, भोकाचा घेर बघतात, आतल्या बाजूवरून अंगठा फिरवतात. अहो, वास घेतात! मी एकदा हसलो, तर म्हणाले, "हसू नकोस. ग्रीससुद्धा वय सांगतं." एकतीस वर्षांत दुकानातून एकही वस्तू खोट्या नावाने गेली नाही, ती त्या अंगठ्यामुळे.

आणि त्यांचा एकच नियम, भिंतीवर खडूने लिहिलेला: आधी ओळख, मग आंघोळ. म्हणजे वस्तू ओळखल्याशिवाय धुवायची नाही, घासायची नाही. मळाखाली काय दडलंय, कुणास ठाऊक! नवा माणूस हा नियम वाचून हसतो. मीही हसलो होतो.

आत्ताच अध्यक्ष महोदयांनी फार सुंदर सांगितलं, की नजर मंदावली हे ओळखून आपणहून थांबणं हा मास्तरांचा मोठेपणा. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. माझे हात कसे वाजले, मला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका पिशवीत एक क्रँक आला. क्रँक म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं, तो दांडा. एकटाच होता, डावा, काळाकुट्ट. दुपारी एक गिऱ्हाईक यायचं होतं, चकचकीत मालावर भाळणारं. मास्तर जेवायला घरी गेले होते. म्हटलं, तेवढ्यात उजळून ठेवू. पुसताना आतल्या बाजूला नखाला दोन खळगे लागले. गंजाचे असतील, म्हणालो मनाशी, आणि धरला घासायच्या चाकावर. पाच मिनिटांत आरसा झाला.

मास्तर आले. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ बसून राहिले. मग अंगठा नेमका त्याच जागी नेऊन म्हणाले, "घडण त्या जुन्या कारागिराची वाटते. तो नाव घालायचा नाही, डाव्या दांड्याला आतून दोन ठिपके मारायचा. इथं असायला हवेत. तू पुसलास तेव्हा इथं काही होतं का रे?"

सांगा, काय अवघड होतं? "होतं मास्तर, मी घालवलं," एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणालो, "छे, काहीच नव्हतं."

ते म्हणाले, "मग माझंच चुकलं." आणि वस्तूला बांधायच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'ओळख पटली नाही'. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाईक आलं, चिठ्ठी वाचून हात हलवत गेलं. मास्तर मात्र त्या दिवसानंतर प्रत्येक वस्तू दोनदा, तीनदा तपासू लागले, साध्या घंटीसाठीसुद्धा भिंग मागू लागले. काकू एकदा दुकानात येऊन मला म्हणाल्या, "घरी भाजीची जुडीसुद्धा उलटीसुलटी करून बघतात हो. काय झालंय त्यांना?" मी म्हणालो, "वय झालं, काकू." पंधरवड्याने मास्तरांनी दुकानाची किल्ली माझ्यासमोर ठेवली. मी अडवायचं नाटकही नीट केलं नाही. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

काकू, वय झालं नव्हतं. अध्यक्ष महोदय, क्षमा असावी, नजरही मंदावली नव्हती. नजर शाबूत होती. खूण मी खाल्ली होती.

हा तो क्रँक. विकलेला नाही. आता त्याचं नाव सिद्ध होणार नाही. ठिपके परत येत नाहीत. चिठ्ठीवरची मास्तरांची ओळ मी खोडली आहे आणि खाली माझ्या हाताने लिहिलंय: 'मास्तरांनी बरोबर ओळखला. खूण मालकाने घासली.' खाली सही केली आहे. चिठ्ठीसकट हा क्रँक दुकानाच्या दर्शनी भागात टांगणार आहे. आणि किल्ली ही इथे, शालीशेजारी ठेवतो. उचलायची की नाही, ते मास्तरांनी ठरवावं. माझा आग्रह करायचा हक्क त्याच दुपारी गेला.

मंडळी, एवढा वेळ ऐकून घेतलंत, संयोजकांनी घड्याळाकडे बघूनही मला बसवलं नाही, सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात शब्द मागेपुढे झाला असेल, तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावा. पण मास्तर, दुकानातली ती चूक तुम्ही इतक्यात पोटात घालू नका. अंगठा फिरवून बघा, माणूस ओळखा, आणि मगच काय ते धुवा.