पंचमाची मुकी पट्टी

आमचं मूळ पिंपळीचं. बाप मेंढरं वळायचा, मग मेंढरं इकून कॅनॉलच्या कडंला थोडी जमीन घेतली, आन् मी मात्र वाजवायच्या नादाला लागलो. शिकवायला कोण न्हवतं, दुसऱ्याच्या पार्टीत ताशा वाहून वाहून कानानं शिकलो. आज माझी सोताची बेंजो पार्टी हाय, बारामती-इंदापूरकडं लग्नाच्या सुपाऱ्या असत्यात, कुणाच्या मेहेरबानीवर न्हाय. सुपारी ठरवताना माझ्यापुढं कोण टिकत न्हाय. रागीट हाय म्हणत्यात, आसू दे.

आत्ताचा कीबोर्ड मी इंदापूरच्या दत्तूकडनं घेतला, जुना. दत्तू पंधरा वर्सं माझ्याच पार्टीत हुता, पाठ धरायला लागली म्हणून त्यानं वाजवणं सोडलं. दोन तास घासाघीस केली मी. त्यो म्हणला, आबा, वाद्य हाय, भाजी न्हाय. मी म्हणलं, भाजीचा निदान वास तरी घेऊन बघता येतो. हासला आन् माझ्या भावात दिला.

तीन महिन्यात, काय सांगू तुमाला, मधल्या सप्तकातली पंचमाची पट्टी बिघडली. दाबली की कधी मुकी, कधी एकदम किंचाळायची. बाकीच्या पट्ट्या नीट. मी म्हणलं, फसवलं मला दत्त्यानं. इंदापूरच्या बाजारात गाठला, चार माणसांत बोललो, बिघडलेला माल माझ्या गळ्यात मारलास, पंधरा वर्साचं मीठ इसरलास. त्यो पिशवी उचलून गेला. गप गेला म्हंजी चोरच, असं मी धरून चाललो.

मग आला त्यो दिवस. इंदापूरला लगीन, दुपारचा मुहूर्त, मंगलाष्टकाला साथ माझ्या कीबोर्डची. सकाळी वाजवून बघितलं तर पट्टी किंचाळली. मंगलाष्टक चालू हाय आन् मधीच ही आशी वरडली तर? पावणं हसत्याल, नवरीचा बाप गचांडी धरंल, आन् पार्टीचं नाव एकदा गेलं की गेलं, आजूबाजूच्या तीन पार्ट्या टपून बसल्यात. बारामतीतला दुरुस्तीवाला म्हणला, ठिवून जा, आठवड्यानं बघतो. आठवड्यानं? मंडपात काय तोंडानं वाजवू? तावातावानं भायेर पडलो, मेडिकलातनं स्पिरिट आन् कापूस घेतला, टेम्पोच्या हौद्यात सतरंजी टाकली आन् कीबोर्ड पालथा घातला.

जन्मात कधी उघडला न्हवता. घड्याळाकडं बघवत न्हवतं. स्क्रू काढंल तसं कागदावर मांडत गेलो, लांब येगळं, आखूड येगळं. पट्ट्या उचलल्या. खाली लांबडं रबर असतं, एकेका सुराखाली एकेक बोंड, बोंडाच्या पोटात काळं ठिपकं. ते ठिपकं खाली टेकलं की सूर निघतो. पंचमाचं बोंड उलटं केलं आन् बघतोय तर समदं पिवळं. बोटाला लावून वास घेतला. भंडारा.

दत्तूच्या घरचा न्हवं, माझ्याच हातचा. कीबोर्ड घेतला त्याच आठवड्यात बिरोबाची जत्रा हुती, पालखीम्होरं मी वाजवला, आन् नवं वाद्य म्हणून पयली मूठ मीच त्याच्यावर उधळली. पोरं म्हणत हुती, आबा, आत जाईल. मी म्हणलं, देवाचं हाय, काय हुतंय.

पुसलं, वाळवलं, स्क्रू आवळलं, तसाच इंदापूरला पळालो. मंडपात पंचमावर बोट ठेवताना डोळं मिटलं हुतं मी. वाजला. सरळ वाजला. अक्षता पडल्या तवा कुठं श्वास सोडला.

जेवान न करता दत्तूच्या दारात गेलो. म्हणलं, चूक माझी हाय. त्यानं पाणी दिलं, बसवलं, आन् म्हणला, बोलताना चार माणसं हुती आबा, आता एकटंच आलाय.

राग आला मला, खोटं कशाला बोलू. भंडारा उधळला हुता का, एवढं त्या दिवशी इचारायला ह्याचं काय गेलं असतं? तरी म्हणलं, दोन माणसांत भागवू. त्यानं मान हलवली, न्हाय म्हणला.

येत्या बाजाराला जायचं हाय, चार माणसांत चूक कबूल करायला. झोप लागंना झालीया. जन्मभर समद्यांचा भाव पाडला, ह्याचा पडत न्हाय. बरोबर हाय त्याचं. देव त्याची पाठ बरी करू दे.