फुआटिनोचा शनिवार

(सामोआतलं आपियाजवळचं एक गाव. रविवारची सकाळ. चर्चचे ज्येष्ठ सेवक इओसेफो पडवीत बसलेत. पुतणी पेनीना विमान कंपनीत कामाला आहे.)

पेनीना : काका, चार वाजताच्या विमानात जागा आहे. धरू का?

इओसेफो : आता काय उपयोग? तुझी आत्या तिकडे होनोलुलूत शनिवारी वारली. आज रविवार.

पेनीना : होनोलुलूत अजून शनिवारच चाललाय. सकाळ आहे तिकडे. फोन येऊन तासही झाला नाही.

इओसेफो : मी तिला शब्द दिला होता गं. "तू जाशील त्या दिवशी आईने विणलेली चटई मी स्वतःच्या हाताने तुझ्या अंगावर घालीन." त्या दिवशी, दुसऱ्या नाही.

पेनीना : मग निघा ना!

इओसेफो : किती लांब आहे ते?

पेनीना : चार हजारांवर किलोमीटर. साडेपाच तास.

इओसेफो : म्हणजे रात्री साडेनऊ. रविवारचे.

पेनीना : साडेदहा. शनिवारचे.

इओसेफो : विमान पुढे जातं की मागे?

पेनीना : पुढेच जातं हो! वाटेत तारखेची रेघ लागते. ती ओलांडली की आदला दिवस.

इओसेफो : दिसते ती रेघ?

पेनीना : छे! खाली नुसतं पाणी.

इओसेफो : आपल्या सरकारने सरकवली तीच ना? आपला एक शुक्रवार बुडाला होता बघ. गुरुवारी झोपलो, उठलो तर शनिवार! फुआटिनो चिडवायची, "दादा, तुझा शुक्रवार माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा." मी आपला, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी...

पेनीना : काका...

इओसेफो : पेनी, एक विचारू? हसू नकोस. याहून लवकर पोचणारं विमान नाही का? शनिवारी पहाटे उतरवणारं? तेव्हा ती होती.

पेनीना : नाही हो, काका. तारीख मागे जाते. वेळ नाही जात.

इओसेफो : हं. वाटलंच मला. तरी विचारून पाहिलं.

पेनीना : रात्री साडेदहाला उतराल. आत्याचा धाकटा मुलगा न्यायला येईल. बारा वाजायच्या आत तिच्यापाशी असाल, मी सांगते ना.

इओसेफो : पण रविवारी प्रवास! गेल्या महिन्यात पोरं रविवारी समुद्रात उतरली, तर मीच त्यांच्या बापांकडून दंड म्हणून डुक्कर वसूल केलं.

पेनीना : आणि त्यातली मांडी तुम्हीच खाल्लीत.

इओसेफो : चावट कुठली! पाळकांना काय तोंड दाखवू?

पेनीना : उतराल तेव्हा रविवार लागलेलाही नसेल. तिथला अख्खा रविवार पुन्हा मिळेल, तेव्हा जा चर्चला. दोनदा जा!

इओसेफो : आणि चढताना?

पेनीना : चढताना रविवार. ते मात्र खरं. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

इओसेफो : ...ती चटई दे इकडे. सामानात टाकायची नाही, मांडीवर घेईन.

पेनीना : धरू ना जागा?

इओसेफो : धर. घंटा झाली बघ. तू जा चर्चला. पाळकांनी विचारलं तर खरं ते सांग.

पेनीना : काय सांगू?

इओसेफो : म्हणावं, काका आजच्या रविवारी नाहीत. बहिणीच्या शनिवारी गेलेत.