सैल वाटतंय म्हणाली होती

—नाही नाही, पंजा असा लोंबता सोडू नकोस, वर ओढून धर, नडगीकडे, हां अस्सा — आणि ती पिशवी मांडीवरून खाली ठेव, मी काही चोरत नाही त्यातलं. ब्रेस आहे ना आत? आहेच, नाडी बाहेर आलीय की. लपवतेस कशाला? कोचबाईंनी भिंतीवर कागद डकवलाय, आजपासून घोट्याला ब्रेस घातल्याशिवाय कोणी मैदानात उतरायचं नाही, आणि तू गुपचूप पट्टीवाल्या काकांकडे. का आलीस, मी सांगतो. आज निवडीचा सामना, गेल्या वर्षी हाच घोटा मुरगळून तू तीन महिने बाकावर बसलीस, आणि कोणीतरी तुझ्या कानात सांगितलं की काकांची पट्टी म्हणजे दगड. कोणी सांगितलं? मीच सांगत असतो सगळ्यांना, दुसरं कोण सांगणार!

तर हा आधी पातळ स्पंज, मग पोटरीखाली दोन फेऱ्या, मग टाचेखालून — आतून घ्यायची, बाहेर काढायची, वर ओढायची, कारण पाय मुडपतो तो आत — एक, दोन, तीन. घट्ट होतंय? होऊ दे. सव्वीस वर्षं हेच करतोय मी, ह्या जिन्याखालच्या खोलीत, टेबल मांडलं की माणसाला आडवं होऊन आत शिरावं लागतं. आणि परवा आलेली ती फिजिओ — शिकलेली आहे, नाही म्हणत नाही — मला म्हणते, काका, वीस-पंचवीस मिनिटं पळालं की पट्टी सैल पडते, ब्रेसची नाडी निदान मध्यंतरात पुन्हा आवळता येते, ज्याची त्याला. मला सांगते! मला काय ठाऊक नाही? सामना संपला की पट्ट्या कापतं कोण, मीच ना? कात्रीला जागा शोधावी लागत नाही, पोरी, दोन बोटं आरामात जातात आत. पहिल्या वर्षापासून जातात. — हे बाहेर बोलू नकोस हं.

अशीच एक होती. डावाच घोटा, आधी एकदा मुरगळलेला, तुझ्यासारखाच. तिनेही ब्रेस आणला होता, मी काढून घेतला, ह्या खणात टाकला. म्हटलं, माझ्या टेबलावरून उठलेली पोरगी दुकानातला पट्टा बांधून खेळली तर माझी काय शोभा राहिली? गेली बिचारी पट्टी बांधून. मध्यंतरात आली, म्हणाली, सैल वाटतंय. आता खोलीत तेव्हा चौघीजणी, दारात त्यांचा कोच. पुन्हा बांधायची म्हणजे सगळ्यांदेखत कबूल करायचं की काकांची पट्टी अर्धा सामनासुद्धा टिकत नाही. मी दोन बोटं घालून बघितली — गेली. सहज गेली. आणि मोठ्याने म्हटलं, दगड आहे दगड, भीती तुझ्या मनात आहे, पळ. पळाली. जगात कोणाचं ऐकायची नाही, पण माझं ऐकायची, अगदी पाळण्यात असल्यापासून —

हो. माझीच. बघतेस काय अशी?

उडी मारली आणि खाली आली ती पायाच्या कडेवर. दोन ऑपरेशनं. अजून जिना उतरताना कठडा धरते. मी सगळ्यांना सांगितलं, समोरचीच्या पायावर पडली, नशीब एकेकाचं. फिजिओलाही तेच सांगितलं परवा. आणि ती? तिने आजतागायत कोणापुढे तोंडातून शब्द काढला नाही. चारचौघांत माझे वाभाडे काढले असते तर बरं झालं असतं. पूर्वी ‘ए बाबा’ करायची, आता अहोजाहो करते. जेवलात का, गोळी घेतलीत का. झालं. परक्या माणसाला विचारावं तसं. आणि मी इथे बसून त्या फिजिओला नावं ठेवतो, कारण तिला नावं ठेवली नाहीत तर — जाऊ दे.

काय? मस्त बसलीय म्हणतेस? आत्ता मस्तच बसणार. आत्ता सगळ्यांचीच बसते. तिचीही बसली होती, टेबलावर टाच आपटून दाखवली होती तिने मला, हसत —

थांब. हलू नकोस, कात्री आहे. हलू नकोस म्हटलं ना! हां. निघाली. सव्वीस वर्षांत खेळायच्या आधी कापलेली ही पहिली. काढ तो ब्रेस पिशवीतून, मोजा नीट ओढ, नाडी खालून वर आवळत ये, पट्टे टाचेवरून फिरव, हां, तो दुसरा उलट्या बाजूने. आणि मध्यंतरात सैल वाटला तर स्वतःच्या हाताने पुन्हा आवळायचा, कोणाला विचारत बसायचं नाही. कोचबाईंनाही नाही. मला तर मुळीच नाही.

उतर आता. टेबल मोकळं कर. आणि मध्यंतरात इकडे फिरकू नकोस, आतून कडी लावलेली असेल.