पेशीपेढीच्या दाराशी

जबाब देणार: भौतिकशास्त्रज्ञ, स्त्री, वय ४४ वर्षे, धंदा विज्ञान संशोधन संस्थेत नोकरी, राहणार संस्थेची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व धाकटी नणंद यांच्यासह राहते. पती तरणतलावावर पोहण्याचे प्रशिक्षक आहेत. नणंद जीवशास्त्रज्ञ असून माझ्याच संस्थेत आहे. संस्थेच्या तळघरात 'पेशीपेढी' नावाची खोली आहे. इमारत उतारावर असल्याने तिची मागची बाजू अंगणात उघडते. नामशेष होत चाललेल्या बेडकांच्या पेशी तेथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. ती खोली नणंदेच्या ताब्यात आहे.

नणंदेशी माझे वैर होते काय, असे विचारले. नाही. एका घरात राहिले की भांड्याला भांडे लागते, तेवढेच.

घटनेच्या दिवशी संस्था लोकांना पाहण्यासाठी खुली होती. तळमजल्यावरील सभागृहात दुपारी माझे व्याख्यान होते. विषय महासममिती आणि तंतुसिद्धांत. साहेबांनी विचारल्यावरून सोप्या शब्दांत सांगते. जगातली प्रत्येक वस्तू ज्या कणांची बनली आहे, ते मुळात अतिसूक्ष्म तंतूंची कंपने असावीत, असा एक विचार आहे. तो गणितात नीट बसायचा तर प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असायला हवा. असा एकही जोडीदार आजवर कुठल्याही प्रयोगात सापडलेला नाही. मी वीस वर्षे यावर काम करते. नणंद घरी त्यावरून थट्टा करते. त्या दिवशी सकाळीही म्हणाली, "वहिनी, माझे बेडूक गोठलेले का होईना, डोळ्यांना दिसतात तरी. तुझी स्थळं कधी बघायला मिळणार?"

टाकीतला नायट्रोजन गळून पेशीपेढीतल्या हवेतला प्राणवायू कमी झाला की भोंगा वाजतो. एक भोंगा तळघरात आहे, दुसरा सभागृहाच्या दाराशी. त्या आठवड्यात तो अनेकदा वाजला होता व दर वेळी तपासल्यावर काही निघाले नव्हते. व्याख्यानाआधी मी ध्वनिक्षेपक लावून घेत असताना तो पुन्हा वाजला. संचालकांनी वीजतंत्र्याला बोलावून माझ्यासमोर सांगितले, "पाहुणे आलेत. आजच्या दिवस त्याचं तोंड बंद कर." वीजतंत्री म्हणाला, "साहेब, ती लाइन वेगळी नाहीये." संचालक म्हणाले, "मग सगळीच बंद कर." हे मी माझ्या कानांनी ऐकले. खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा त्याच लाइनवर होता, हे मला नंतर कळले.

भोंगा थांबल्यावर नणंद माझ्याजवळ आली. म्हणाली, "भोंग्याचा गळा दाबला म्हणून गळती थांबत नाही. बघून येते. तू सुरू कर, शेवटच्या प्रश्नांना मी आहेच." हवा मोजायचे छोटे यंत्र ती नेहमी कोटाला अडकवते. त्या दिवशी ते मुलांना दाखवण्यासाठी प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवलेले होते. ते न घेताच ती गेली.

व्याख्यान झाले. प्रश्नांच्या वेळी एका बाईंनी विचारले, "आणि ते जोडीदार कधीच सापडले नाहीत तर?" मी म्हणाले, "तर आम्ही चुकलो." लोक हसले. नणंद ज्या खुर्चीवर बसणार होती ती मला व्यासपीठावरून दिसत होती. ती रिकामी होती. मी आभार न मानता खाली उतरले. पहिल्या रांगेतून पती उठून मागे आले. भूकंपशास्त्र विभागाचे वयस्कर संशोधक, ज्यांना सगळे हादरेसाहेब म्हणतात, तेही आले. माझा चेहरा पाहून आलो, असे ते नंतर म्हणाले.

तळघराच्या बोळात दिवा होता. आवाज कसलाच नव्हता. खोलीचे दार बंद होते. त्याला काचेची एक खिडकी आहे. काचेवर दव साचले होते ते मी बाहीने पुसले. आत जमिनीलगत गुडघाभर पांढरे धुके होते. टाकीच्या नळीतून ते येत होते. धुक्यातून नणंदेचे पाय दिसत होते, पलीकडच्या शटरच्या बाजूला. एक बूट निघाला होता. ती हलत नव्हती.

पतींनी कडीला हात घातला. मी त्यांना मागून कमरेला मिठी घालून धरले.

मी सांगितले की आत प्राणवायू नाही, दोन श्वासांत माणूस कोसळतो, कळतसुद्धा नाही. ते म्हणाले, "मी दोन मिनिटं श्वास धरतो. रोज धरतो. सोड." मी म्हणाले, "पाण्यात धरतोस. इथे तिला उचलायचंय, ओढायचंय. ओझं आलं की श्वास सुटतो." ते म्हणाले, "सोड म्हणतो ना! माझी बहीण आहे ती." मी सोडले नाही. तेव्हा ते ओरडले, "जन्मभर न दिसणाऱ्या गोष्टी सांगत आलीस. आज नको. आज नको गं."

मी हादरेसाहेबांना सांगितले की मागच्या अंगणात शटर आहे, टँकर लागतो तिथे, चावी पहारेकऱ्याकडे असते. शटर उघडा, आत कुणाला जाऊ देऊ नका, अग्निशमन दलाला फोन करा. ते जिन्याने पळाले. त्यांना दम्याचा त्रास आहे.

मी स्वतः का गेले नाही, असे विचारले. मी हात काढला असता तर पती आत गेले असते.

त्यानंतर शटर उघडेपर्यंत किती वेळ गेला, हे मला सांगता येणार नाही. पती ताकदीचे आहेत. त्यांनी मला दोनदा भिंतीवर आदळले. माझ्या ओठाला लागले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकदा त्यांनी दार वीतभर उघडले. गार हवा पायांवरून बाहेर आली. तिला वास नव्हता, धूर नव्हता, घशाला काही टोचले नाही. त्या क्षणी मला वाटले की हवा चांगली आहे, माझेच चुकते आहे, आणि मी एका बाईला मरू देते आहे. तरीही मी दार पाठीने लोटून लावले व दाराला पाठ टेकून उभी राहिले. पती माझ्यासमोर होते. माझ्या खांद्यावरून ते काचेतून पाहत होते. मला पाहता येत नव्हते. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होते. त्यांनी तिला लहानपणच्या नावाने हाका मारल्या. ते नाव मी इथे सांगत नाही.

मग आतून शटर वर गेल्याचा आवाज आला. काचेतून बोळात ऊन आले. धुके अंगणाकडे सरकू लागले. पहारेकरी आत शिरू पाहत होता, त्याला हादरेसाहेबांनी शर्ट धरून मागे ओढल्याचे त्याने नंतर सांगितले. तोवर पोहोचलेल्या अग्निशमन दलाचा माणूस हवेची नळकांडी पाठीला लावून आत गेला व तिला अंगणात घेऊन आला. आम्ही दोघे जिन्याने वरून फिरून अंगणात आलो. तिचे ओठ निळे होते. एका हाताची बोटे थंडीने पांढरी पडली होती. दलाच्या माणसांनी तोंडावर प्राणवायूचा मास्क लावून छाती दाबली. काही वेळाने तिने श्वास घेतला. तो मी ऐकला. पती जमिनीवर बसले. मी जवळ गेले तर त्यांनी हात वर केला, म्हणून मी थांबले.

नणंद सध्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. डोळे उघडते, ओळख देत नाही. मेंदूला किती वेळ प्राणवायू मिळाला नाही यावर पुढचे अवलंबून आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पतींनी आपल्याकडे दिलेल्या जबाबात सांगितले आहे की मी त्यांना अडवले नसते तर ती लवकर बाहेर आली असती. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परीने खरे आहे. ते आत जाऊन तिला घेऊन आले असते का, हे मला माहीत नाही. कागदावर मांडून पाहिले, उत्तर दोन्हीकडे येते. घटनेपासून ते घरी आलेले नाहीत. कपड्यांची पिशवी मी रुग्णालयाच्या परिचारिकेकडे देते.

काल संचालक मला घरी भेटले. म्हणाले, "हे नवरा-बायकोचं घरगुती प्रकरण आहे, घरातच मिटवा. भोंग्याचं कशाला काढता? तुमच्या गटाच्या अनुदानाची मुदत या वर्षी संपते, ठाऊक आहे ना?" मला ठाऊक आहे. मला नोकरीची भीती वाटते आणि संचालकांचीही वाटते. भोंगा त्यांच्या सांगण्यावरून बंद झाला, हे मी पुन्हा सांगते.

पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय कराल, असे साहेबांनी विचारले. हा प्रश्न जबाबात घ्यावा, अशी माझी विनंती आहे. मी पुन्हा धरीन. रात्री झोपेतही मी उशी घट्ट धरलेली असते.

माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितल्याबरहुकूम तो बरोबर आहे. टंकताना नणंदेच्या उल्लेखाआधी तीन ठिकाणी 'मयत' हा शब्द पडला होता. सवयीने पडतो, असे हवालदार म्हणाले. तो तिन्ही ठिकाणी माझ्यासमोर खोडून घेतला व बाजूला माझी सही केली आहे. ती जिवंत आहे.