हजेरी लागली की अपघात नाही

नाही नाही, मॅडम, तुम्हीच लिहा — माझं शुद्धलेखन म्हणजे सगळा आनंदच, सातवीत शाळा सुटली, शब्दही साधेच येतात, राग मानू नका. आणि कंपनीनं माणसांचं किती भलं केलं, किती वाईट, हे तुम्ही त्या टॅबवर आकड्यांत मोजणार, तिथं माझ्या अक्षराचं काय काम? काय आलंय आमच्या नावापुढं? वर्षात अपघात एक? सुपरवायझर साहेबांचा — हो, हाताचा. बरोबर आहे. म्हणजे — दादाचा नाही त्यात.

माझा थोरला भाऊ हो. शेजारच्याच प्रेसवर असायचा. ती प्रेस पायडल न दाबता खाली यायची, घसा फोडून सांगत होतो आम्ही, पण ऐकतंय कोण? दादा पत्रा सरकवत होता — आली. उजवा पंजा पत्र्यासकट चेपला. हाडं फुटल्याचा आवाज मला एवढ्या खडखडाटात ऐकू आला, मॅडम. अजून येतो. मग तो मोजला का नाही? अहो, इथली रीतच आहे — दुसऱ्या दिवशी ज्याची हजेरी लागली, त्याचा अपघात धरत नाहीत. खरचटलं म्हणतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दादाला दवाखान्याच्या खाटेवरून उचलून आणलं, कंपनीच्या गाडीतून. पट्टीतून रक्त ठिबकतंय, तोंड पांढरंफटक. हजेरीच्या मशीनला उजवा अंगठा लागतो. तो कुठून आणणार? साहेब हसले हो — "अंगठेबहाद्दराचा अंगठाच गेला की रे!" — आणि स्वतःच्या कार्डानं लावली त्याची हजेरी. दादा कण्हत खुर्चीवर. मला उलट बोलता येतच नाही, मी आजवर कुणाला अरे म्हटलं नाही. मग साहेब त्याच प्रेसपाशी गेले, "बघा, कुठाय बिघाड?" म्हणत हात आत घातला —

मी मनगट धरलं आणि पायडल दाबलं. सोडलं. परत दाबलं.

पोलीस? छे! कंपनीनं पोलिसांना माझं सांगायचं तर आधी दादाचं सांगावं लागलं असतं. अपघात म्हणूनच मिटवलं. आणि साहेब काही दुसऱ्या दिवशी हजेरीला आले नाहीत.

तुमचा आकडा चुकलेला नाही, मॅडम, अपघात एकच — फक्त नाव चुकलंय. लिहा ना — हात का थांबला?