गुंडूनं न पाहिलेला पाडवा

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर ताठ बसून अवघडलेले साहेब लोक, गुंडूच्या बायकोच्या, शालूबाईच्या माहेरचे पावणे, आणि एक कान माझ्याकडं अन् नाक जेवणाकडं ठेवून बसलेल्या समस्त मंडळींनो,

आज गुंडू कागलच्या या कारखान्यातून निवृत्त होतोय. मी त्याची आत्ती. आत्ताच साहेब म्हणाले, गुंडूनं दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा कधी सुट्टी घेतली नाही, उलट ड्यूटी मागून घेतली. टाळ्या पडल्या. पण साहेब, कोल्हापूरचा माणूस पाडव्याला म्हशी पळवायच्या सोडून मशीनपुढं का उभा राहील, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नाही?

नोकरी लागली तेव्हा याच्याकडं हरणी नावाची म्हस होती. नाव हरणी, अंग हत्तीचं! पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून ती याच्या फटफटीमागं अशी सुटायची की माणसं भिंतीला चिकटायची. पण शिफ्टची नोकरी, म्हशीला बघणार कोण? उचगावच्या यल्लाप्पाला विकली. आणि हा शहाणा त्याच वर्षीच्या पाडव्याला, शिफ्ट सुटल्यावर, त्याच फटफटीवर बसून म्हशी बघायला गेला! आवाज ओळखीचा. हरणी यल्लाप्पाला सोडून याच्याच मागं धावली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हा घरी येऊन रडला.

"आत्ती, नोकरीपायी मुक्या जनावराला दगा दिला गं."

तेव्हापासून याचा पाडवा बंद. आता हाताशी वेळ आहे, गोठा रिकामा आहे, शालूबाईनं म्हसही बघून ठेवलीय. तर हा म्हणतो, "दावं धरायची माझी लायकी न्हाय."

गुंडू, त्याच्या पुढच्या पाडव्याला मी गेलते. शेजारच्या अमरसिंहानं तुझीच फटफटी मागून आणलती. हरणीनं आवाज ऐकला, एक कान हलवला, आणि शेपूट वर करून यल्लाप्पाच्या मागं निघून गेली. हे सांगायला गेलं की तू उठून जायचास. आज गळ्यात हार आहे, शेजारी साहेब आहेत, पळशील कुठं?

म्हशीनं वर्षात मनातनं काढलं, आणि तू जन्मभर उरावर घेऊन बसलास! या नोकरीवर तुझी लेक स्नेहल नर्स झाली, ते काय वाईट झालं? हरणी गेल्याचं वाईट वाटू दे की. मलाही वाटतं. पण त्यापायी गोठ्याला कशाला सुतक?

ओठ काय हलवतोस? माईकमध्ये बोल.

"शालू, वेत कितवं हाय तिचं?"

"दुसरंच हाय. रेडी झालीया तिला."

ऐकलंत? ज्याला म्हस घ्यायचीच नाही तो माणूस कितव्यांदा व्याली म्हणून विचारत नाही, पावणं.

असो. गुंडूला सांभाळणाऱ्या कारखान्याचे, हार आणणाऱ्यांचे, आणि माझ्या हाती माईक देऊन पस्तावलेल्या सूत्रसंचालकांचे आभार. म्हातारीच्या तोंडून कमी-जास्त गेलं असेल तर पोटात घाला. आणि साहेब, गुंडूला जरा लवकर सोडा. उजेड आहे तोवर म्हस बघून यायची आहे.